ऐकणाऱ्याचे कर्तव्य

अन्याय सोसणाऱ्याने तक्रार का केली नाही, हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो. ज्यांनी तो अन्याय पाहिला, ज्यांच्या कानावर तो आला, त्यांनी तो पुढे का सांगितला नाही, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. मुंबईत २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी गेली. पायलच्या आईने नंतर जाहीरपणे सांगितले, की लेकीचा छळ होतो आहे हे आपण आधीच वरिष्ठांच्या कानावर घातले होते. म्हणजे ऐकणारे होते. परंतु ऐकणे आणि त्यावर काही करणे यांना जोडणारा दुवा नव्हता.

हा दुवा नियमाने निर्माण करण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतील विद्यापीठांत गेली काही दशके चालू आहे. विद्यार्थ्याने किंवा सहकाऱ्याने आपल्या छळाची किंवा भेदभावाची हकीगत नोकराला सांगितली, तर ती विद्यापीठाच्या ठरलेल्या कचेरीला कळवणे हे त्या नोकराचे कर्तव्य ठरते. न कळवल्यास त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. या कर्तव्याचे प्रशिक्षणही सक्तीचे असते. मी कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलावर, काम करते. मराठवाड्यातून इथे येऊन मला वीस वर्षे झाली. हे प्रशिक्षण मी अनेकदा घेतले आहे, आणि त्यानुसार वागण्याचा प्रसंगही माझ्यावर आला आहे. आपल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना या व्यवस्थेतून घेण्यासारखे काय आहे आणि टाळण्यासारखे काय आहे, हे सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

या कळवण्याला मी ‘वर्दी’ हा शब्द वापरणार आहे. तो गावगाड्यातला आणि पोलीस पाटलाच्या चावडीवरचा शब्द आहे. तोच का निवडला, ते पुढे येईल.

न कळण्याचा फायदा

ही सक्ती का आली हे समजण्यासाठी अमेरिकेतील कायद्याची चौकट थोडक्यात पाहिली पाहिजे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या भागाने असे ठरवले, की जी संस्था केंद्र सरकारचा पैसा घेते तिला वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांवरून कुणाशीही भेदभाव करता येणार नाही. हा कायदा काळ्या जनतेच्या प्रदीर्घ लढ्यातून आला. १९७२ साली शिक्षणसंस्थांपुरते तेच तत्त्व स्त्री-पुरुष भेदाला लावण्यात आले. हा कायदा ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जातो. जवळजवळ प्रत्येक विद्यापीठ सरकारी पैसा घेत असल्याने त्यातून सुटका कुणालाच नाही.

या कायद्यात छळाबद्दल एकही शब्द नव्हता. लैंगिक छळ हासुद्धा भेदभावच आहे, कारण त्यामुळे मुलीचे शिक्षण तिच्यापासून हिरावले जाते, हा विचार १९७७ साली येल विद्यापीठातील विद्यार्थिनींनी न्यायालयात मांडला. १९८० मध्ये त्या अपिलात हरल्या, परंतु त्यांचा मुद्दा टिकला आणि पुढे सर्वमान्य झाला.

यानंतरचा पेच अधिक बोलका आहे. १९९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधील एका शालेय विद्यार्थिनीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की कारवाई करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला छळाची प्रत्यक्ष माहिती होती आणि तरीही त्याने जाणूनबुजून दुर्लक्ष केले, असे सिद्ध झाले तरच संस्थेकडून नुकसानभरपाई मिळेल. याचा व्यवहारातील अर्थ काय होतो? ज्या संस्थेच्या वरच्या मजल्यावर काहीच पोचत नाही, ती संस्था सुरक्षित! खालच्यांनी ऐकावे, गिळावे आणि गप्प बसावे, यातच संस्थेचे हित. अज्ञान हे इथे केवळ अज्ञान राहत नाही, ती एक सोय होते. आपल्याकडे ‘आमच्या महाविद्यालयात जातिभेदाची एकही तक्रार नाही’ असे अभिमानाने सांगणारे प्राचार्य आपण पाहिले आहेत. ती सोय त्यांच्याही ओळखीची आहे.

या सोयीची किंमत किती भयंकर असते, हे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या प्रकरणाने दाखवले. फुटबॉलच्या एका माजी प्रशिक्षकाला लहान मुलाशी दुष्कृत्य करताना २००१ साली एका कनिष्ठ साहाय्यकाने पाहिले. त्याने ते मुख्य प्रशिक्षकाला सांगितले, मुख्य प्रशिक्षकाने आपल्या वरिष्ठाला सांगितले, आणि बात तिथेच जिरली. २०११ मध्ये अटक होईपर्यंत दहा वर्षे गेली. २०१२ मध्ये त्या गुन्हेगारावर ४५ आरोप सिद्ध झाले आणि २०१७ मध्ये विद्यापीठाच्या माजी अध्यक्षालाही मुलांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. मिशिगन राज्य विद्यापीठात तर खेळाडू मुलींवर अत्याचार करणारा डॉक्टर वर्षानुवर्षे मोकळा राहिला. २०१८ मध्ये त्या विद्यापीठाने पीडितांना ५० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

अशा प्रकरणांच्या धक्क्याने अनेक विद्यापीठांनी जवळजवळ सर्व नोकरांना वर्दी देण्याच्या कर्तव्यात बांधले. केंद्राचे नियम मात्र सरकारबरोबर बदलत राहिले. २०२० च्या नियमांनी महाविद्यालयांवरील सक्ती सैल केली, २०२४ च्या नियमांनी ती पुन्हा आवळली, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी केंटकीमधील एका केंद्रीय न्यायालयाने २०२४ चे नियम संपूर्ण रद्द केल्याने २०२० चे नियम परत आले. परंतु राज्यांचे कायदे आणि विद्यापीठांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते तसे आहेत.

प्रशिक्षणात काय शिकवतात

कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार पाच किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक मालकाने साध्या कामगाराला एक तासाचे आणि देखरेख करणाऱ्याला दोन तासांचे छळविरोधी प्रशिक्षण दर दोन वर्षांनी दिले पाहिजे. विद्यापीठे त्यातच वर्दीचा भाग घालतात किंवा त्याचा वेगळा पाठ ठेवतात. बहुधा ते संगणकावर होते. एक प्रसंग दाखवतात, मग विचारतात : ‘तुम्ही काय कराल?’ उत्तर चुकले तर पुन्हा समजावतात. शेवटी प्रमाणपत्र मिळते.

त्यात प्रथम छळाचे दोन प्रकार शिकवतात. एक देवघेवीचा : ‘माझे ऐक, तर गुण देतो, नोकरी टिकवतो.’ दुसरा वातावरणाचा : थट्टा, टोमणे, वगळणे, हेटाळणी यांचा मारा असा की त्या माणसाला तिथे शिकणे किंवा काम करणे अशक्य व्हावे.

नंतर वर्दीचे नियम येतात. ते साधे आहेत. कुणी सांगू लागले तर ऐकावे, परंतु उलटतपासणी घेऊ नये. खरे-खोटे ठरवणे हे ऐकणाऱ्याचे काम नव्हे. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. कोण, कुठे, केव्हा, काय, एवढे लवकरात लवकर कचेरीला कळवावे. ज्यांच्यावर ही सक्ती नाही अशी माणसेही विद्यापीठात असतात, उदाहरणार्थ मानसिक आरोग्याचे सल्लागार, डॉक्टर, धर्मगुरू आणि पीडितांना मदत करणारे खास कार्यकर्ते. सांगणाऱ्याला गुप्तता हवी असेल तर त्यांचा पत्ता द्यावा.

वर्दी म्हणजे खटला नव्हे, हेही त्यात स्पष्ट केलेले असते. वर्दी मिळाली की कचेरी त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिते, त्याचे हक्क सांगते आणि मदत देऊ करते : वर्ग बदलणे, खोली बदलणे, परीक्षेला मुदत देणे. रीतसर तक्रार करायची की नाही हे प्रायः त्या विद्यार्थ्यावर असते. पत्राला उत्तर न देण्याचीही त्याला मुभा असते. वर्दी देणाऱ्यावर किंवा तक्रार करणाऱ्यावर सूड उगवणे हा स्वतंत्र अपराध मानला जातो.

मला स्वतःला या रचनेतील एक गोष्ट मोलाची वाटते. अन्याय उघड करण्याचे सगळे ओझे इथे सोसणाऱ्याच्या पाठीवर नाही. ‘मला सांगितले होते, पण मी काय करणार?’ ही पळवाट ऐकणाऱ्याला उरत नाही.

एका मुलाची गोष्ट

पण नियम कागदावर जेवढा सरळ दिसतो तेवढा माणसांत उतरल्यावर राहत नाही. पुढील हकीगत मी त्या मुलाच्या परवानगीने आणि त्याची ओळख पटेल असे तपशील वगळून सांगते.

तो विदर्भातला, पदव्युत्तर वर्गात शिकणारा. माझ्या टेबलावर बाबासाहेबांचे एक लहान चित्र असते. ते पाहून तो थबकला आणि मराठीत म्हणाला, ‘ताई, तुम्ही आपल्याच का?’ मी हो म्हटले. पुढे तो अधूनमधून येऊ लागला. एके दिवशी म्हणाला, ‘ताई, लॅबमधले एक सांगायचे आहे.’

मी म्हटले, ‘थांब. आधी माझे ऐक. मी इथली नोकर आहे. तू नाव घेऊन काही सांगितलेस तर ते मला कचेरीला कळवावेच लागेल. कळवायचे नसेल तर ज्यांच्यावर हे बंधन नाही अशा बाईंकडे मी तुला पाठवते.’

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘तर राहू द्या, ताई. माझे नाव लिहिले की जात लिहिली जाईल. घरात आम्ही पाच जण राहतो. बाकीच्या चौघांना ठाऊक नाही.’

या एका वाक्यात आपला सगळा पेच आहे. गोऱ्या मुलीने लैंगिक छळाची तक्रार केली तर आपली व्यथा उघड होईल ही भीती तिला असते, आणि ती भीती लहान नाही. दलित विद्यार्थ्याला व्यथेबरोबर आपली जात उघड होण्याचे भय असते. परदेशात जात लपवून राहणारे आपले तरुण किती आहेत, हे इथल्या आंबेडकरी मंडळांत वावरणाऱ्याला सांगावे लागत नाही. त्यांच्यासाठी वर्दी ही मदतही ठरू शकते आणि उघडे पाडणेही ठरू शकते.

तो सल्लागार बाईंकडे गेला. दोन महिन्यांनी आपण होऊन परत आला आणि म्हणाला, ‘आता लिहा.’ लॅबमधील एका ज्येष्ठ भारतीय संशोधकाने त्याचे आडनाव, गाव, वडिलांचा धंदा अशी चौकशी केली होती आणि त्यानंतर हळूहळू त्याला सामाईक कामातून वगळले होते. बैठकीची वेळ त्याला कळेनाशी झाली. त्याच्याशी बोलणे बंद झाले. मी वर्दी लिहायला बसले, तर भेदभावाचे कारण निवडण्याच्या रकान्यांत जात कुठेच नव्हती. मी ‘इतर’ या रकान्यात लिहिले. दुसऱ्या दिवशी कचेरीतील बाईंचा फोन आला. त्या सौजन्याने बोलल्या, परंतु त्यांना पडलेला प्रश्न असा होता : ‘दोघेही भारतीय आहेत, मग भेदभाव कसा?’

मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितले. त्या मुलाला दुसरा मार्गदर्शक मिळाला. त्या संशोधकाचे काय झाले ते मला ठाऊक नाही, कारण वर्दी देणाऱ्याला पुढचे कळवत नाहीत. मी तिथे नसते, माझ्या जागी जातीचा गंधही नसलेली एखादी व्यक्ती असती, तर? तिने प्रशिक्षण मन लावून घेतले असते, तिची नियत स्वच्छ असती, आणि तरीही त्या मुलाचे बोलणे तिला ‘दोन सहकाऱ्यांचे पटत नाही’ एवढेच वाटले असते.

जे ओळखता येत नाही ते कळवता येत नाही

जात हा शब्द नियमात असावा की नसावा, यावर अमेरिकेत जो वाद झाला त्याचे मर्म इथे आहे. २०१९ च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील ब्रँडाइस विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ या तेव्हा २३ आवारे असलेल्या प्रचंड संस्थेने तेच केले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. तो ठराव आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने राज्यभर लागू होणारे विधेयक मंजूर केले, परंतु ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले. विद्यमान कायद्यांत जातिभेदाला आधीच बंदी आहे, म्हणून विधेयक अनावश्यक आहे, असे त्यांचे कारण होते.

विरोधकांचे म्हणणे असे, की जातीचे नाव घेतल्याने एका समाजाकडे बोट दाखवले जाते. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठातील दोन हिंदू प्राध्यापक याच मुद्द्यावर २०२२ मध्ये न्यायालयात गेले होते. परंतु लिंगभेदाला बंदी घातल्याने प्रत्येक पुरुष आरोपी ठरत नाही, तसे जातिभेदाला बंदी घातल्याने प्रत्येक हिंदू आरोपी ठरत नाही. जो भेद करतो त्याच्यापुरताच तो नियम आहे.

‘आधीच्या शब्दांत जात येतेच’ हा गव्हर्नरांचा युक्तिवाद वकिलाच्या दृष्टीने कदाचित बरोबर असेल. न्यायाधीशासमोर ‘पूर्वजपरंपरा’ या शब्दातून जात ओढून काढता येईलही. परंतु वर्दी देणारी मी काही न्यायाधीश नाही. माझ्यासारखा लेखनिक, वसतिगृहाचा रखवालदार, प्रयोगशाळेतील साहाय्यक हे प्रशिक्षणात जे पाहतील तेच ओळखतील. आडनाव कळेना म्हणून वडिलांचे नाव, गाव, गल्ली विचारत जाणे, पाठीवर थाप मारता मारता जानवे चाचपणे, ‘तू शाकाहारी ना?’ हा प्रश्न, राखीव जागेवरून आलेल्याची गुणवत्ता मोजणे, भांडी वेगळी ठेवणे : हे सारे अपमान आपल्याला सांगावे लागत नाहीत, परंतु ज्याने ते कधी पाहिले नाहीत त्याला ते गप्पा वाटतात. धोरणात शब्द आला की प्रशिक्षणात उदाहरण येण्याची वाट मोकळी होते. उदाहरण आले की ऐकणाऱ्याच्या कानाला ते ऐकू येते. म्हणूनच या शब्दाचा आग्रह हा केवळ अस्मितेचा आग्रह नाही, तो कामाचा आग्रह आहे.

सांगणाऱ्याचा अधिकार

या व्यवस्थेवर गंभीर टीकाही झाली आहे, आणि ती करणाऱ्यांत पीडितांच्या बाजूचे लोकच पुढे आहेत. त्यांचे म्हणणे असे : ज्या मुलीच्या शरीरावरचा अधिकार एकदा हिरावला गेला, तिच्या बोलण्यावरचा अधिकारही तुम्ही का हिरावता? तिने विश्वासाने शिक्षिकेला सांगितले आणि शिक्षिकेने तिच्या इच्छेविरुद्ध ते कचेरीला दिले, तर पुढच्या वेळी ती कुणालाच सांगणार नाही. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी ‘संस्थेने केलेला विश्वासघात’ ही कल्पना मांडली. ज्या संस्थेवर आपण विसंबतो तिनेच दगा दिला की मूळ जखम अधिक खोल जाते, असा तिचा आशय आहे.

या टीकेतून एक मधला मार्गही निघाला. फ्रेड ज्या ओरेगन विद्यापीठात शिकवत होत्या तिथे २०१७ मध्ये नोकरांचे तीन गट करण्यात आले. अधिकाराच्या जागांवरील लोकांनी वर्दी दिलीच पाहिजे. सल्लागार वगैरेंनी गुप्तता पाळावी. उरलेल्या बहुसंख्य शिक्षकांनी आणि नोकरांनी विद्यार्थ्याच्या इच्छेनुसार चालावे : त्याला माहिती द्यावी, मदतीचा पत्ता द्यावा, आणि त्याने सांगितले तरच वर्दी द्यावी. यात ऐकणारा मोकाट सुटत नाही. त्याच्यावर कर्तव्य राहतेच. फक्त वर्दीचा निर्णय सांगणाऱ्याच्या हाती राहतो. मला हा मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो.

वर्दी कोण देणार?

आता ‘वर्दी’ या शब्दाकडे येते. आपल्या आजोबा-पणजोबांना वर्दी देण्याचे काम ठाऊक होते. गावात कोण आले, कोण मेले, कुणाची चोरी झाली हे पाटलाला कळवणे, मर्तिकाचा सांगावा उन्हातान्हात परगावी पोचवणे, ही महारकीची कामे होती. ते काम चुकले तर मार होता, पण कामाबरोबर अधिकार मात्र नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते या गुलामगिरीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. अधिकाराशिवाय लादलेले कर्तव्य काय असते, हे आपल्याइतके कुणाला कळणार?

विद्यापीठातही हकीगत सर्वांत आधी कुणाच्या कानावर येते? वसतिगृहाची सफाई करणाऱ्या बाईच्या, खाणावळीतल्या पोऱ्याच्या, रात्रीच्या रखवालदाराच्या, प्रयोगशाळेतल्या शिपायाच्या. अमेरिकेत या जागांवर बहुधा काळे आणि स्थलांतरित लोक दिसतात. आपल्याकडे कोण दिसतात, हे वाचकांना ठाऊक आहे, आणि त्यांतले पुष्कळसे ठेकेदाराच्या हाताखालचे आहेत. उद्या ‘प्रत्येक नोकराने वर्दी दिलीच पाहिजे’ असा नियम आपल्याकडे नुसता उचलून आणला तर काय होईल? विभागप्रमुखाविरुद्ध वर्दी दिली तर ठेकेदार त्या बाईला दुसऱ्या दिवशी कामावरून काढील. न दिली तर चौकशी समिती तिलाच दोषी ठरवील, आणि ज्याला सगळे ठाऊक होते तो प्राध्यापक ‘मला कुणी सांगितले नाही’ म्हणून सुटेल. ही नवी महारकी होईल. म्हणून कर्तव्य लादायचे तर ते अधिकाराच्या उतरंडीत वरून खाली आले पाहिजे, खालून वर नव्हे.

आपल्याकडचे कायदे काय म्हणतात

आपल्याकडे असे कर्तव्य अगदीच नाही असे नाही. ते तुकड्यातुकड्यांत आहे. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार, अठरा वर्षांखालील मुलामुलीवर असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या किती शिक्षकांना ठाऊक आहे, की त्यांच्या अकरावी-बारावीच्या वर्गातील बहुतेक मुले या कायद्याखाली येतात? रॅगिंगबद्दल महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्यात विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कुणीही लेखी तक्रार करू शकतो. संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे, आणि त्याने कुचराई केली तर त्याने रॅगिंगला साथ दिली असे मानले जाते. शिक्षकाने तक्रार ‘करावीच’ असे मात्र तो कायदा म्हणत नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रामुख्याने पीडित स्त्रीच्या लेखी तक्रारीवर उभा आहे, आणि तिला मुदत आहे तीन महिन्यांची. समितीला ती आणखी तीन महिने वाढवता येते. नोकरवर्गासाठी नियमित कार्यशाळा घेणे हे या कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. जातिभेदाबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेविषयीचे विनियम केले. त्यांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद होती. ते कागदावरच राहिले म्हणून राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम काढले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन तोवर २०१२ चेच विनियम चालू ठेवण्यास सांगितले. न्यायालयातील लढाई आपल्या गतीने चालेल. परंतु ऐकणाऱ्याला तयार करण्यासाठी कुठल्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

माझ्या अनुभवावरून मला चार गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, कुणी बोलू लागले की आपल्यावर काय बंधन आहे हे त्याला आधी सांगणे, म्हणजे किती सांगायचे ते तो ठरवील. दुसरी, सज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीत वर्दीचा निर्णय शक्यतो त्याच्याच हाती ठेवणे आणि जात उघड होण्याचे भय हे खरे भय आहे असे मानणे. तिसरी, वर्दीची पोच देणे : तारीख, क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. तोंडी सांगितलेले पुढे ‘सांगितलेच नव्हते’ असे होते, आणि पोच असली की तसे म्हणता येत नाही. चौथी, सक्तीची सुरुवात प्राचार्य, विभागप्रमुख आणि वसतिगृहप्रमुख यांच्यापासून करणे, आणि खालच्या नोकराला सक्तीच्या आधी संरक्षण देणे.

प्रशिक्षणातील प्रसंग मात्र आपणच लिहिले पाहिजेत. ते कुणा कंपनीकडून विकत घेण्याची वस्तू नाही. शिष्यवृत्तीच्या रांगेतला टोमणा, तोंडी परीक्षेत आडनाव ऐकताच बदललेला चेहरा, मेसमधले वेगळे टेबल, गटात कुणी न घेतलेली मुलगी : हे प्रसंग ज्यांनी सोसले तेच अचूक लिहू शकतात. आपल्या साहित्याने गेली पन्नास-साठ वर्षे दुसरे काय केले? न दिसणारा अपमान शब्दांत पकडून दिसता केला. तेच कौशल्य आता दोन-दोन ओळींच्या प्रसंगांत उतरवायचे आहे, जेणेकरून एखाद्या सवर्ण लेखनिकालाही समोरचा मुलगा काय सांगतो आहे ते कळेल. या अंकाच्या वाचकांत जे शिक्षक आहेत त्यांनी पुढच्या कर्मचारी सभेत एवढेच विचारावे : आपल्या महाविद्यालयातील भेदभावविरोधी अधिकारी कोण, त्यांच्याकडे वर्दी कशी द्यायची, आणि तिची पोच कोण देणार? उत्तर मिळाले तर ते विद्यार्थ्यांच्या सूचनाफलकावर लावावे. मिळाले नाही तर प्रश्न आणि तारीख त्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.